एक मृतदेह, चार काळ आणि प्रेक्षकांची मते

एखादी मालिका पाहून झाल्यावर ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ एवढेच बोलून आपण पुष्कळदा थांबतो. मत व्यक्त होते. परंतु ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. या पाठात एका मालिकेविषयी प्रेक्षकांत पडलेला मतभेद पाहू. ती तुम्ही पाहिलेली असावी, अशी अपेक्षा नाही. तिचा शेवट मात्र येथे सांगावा लागेल. कारण वाद मुख्यतः शेवटाचाच आहे.

‘बॉडीज’ ही आठ भागांची ब्रिटिश मालिका ऑक्टोबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. साय स्पेन्सर यांच्या चित्रकादंबरीवर ती आधारलेली आहे. लंडनमधील व्हाइटचॅपल भागातल्या एका गल्लीत एक मृतदेह आढळतो. डोळ्यात गोळीची जखम आहे, गोळी मात्र सापडत नाही. विलक्षण गोष्ट अशी, की हाच मृतदेह १८९०, १९४१, २०२३ आणि २०५३ या चारही वर्षी त्याच जागी सापडतो आणि हिलिंगहेड, व्हाइटमन, हसन व मेपलवुड हे चार पोलीस अधिकारी आपापल्या काळात त्याचा तपास करतात.

चार काळ आलटून पालटून दाखवल्यामुळे कथा क्लिष्ट झाली, अशी एक तक्रार आहे. ती खोटी नाही. पहिले दोन भाग पाहताना नावे कागदावर लिहून ठेवावी लागली, तर त्यात कमीपणा मानू नये.

खरा वाद पुढे आहे. एलायस मॅनिक्स हा २०२३ मध्ये लंडन उद्ध्वस्त करतो, २०५३ मध्ये सत्ताधीश असतो आणि तेथून १८९० मध्ये जाऊन स्वतःचाच पूर्वज होतो. म्हणजे कारण आणि परिणाम यांचे वर्तुळ पूर्ण झाले. जे घडले ते घडणारच, असे मालिका वारंवार बजावते. असे असता शेवटी ते वर्तुळ तुटते कसे? आपलाच नियम मालिकेने मोडला, असे काही प्रेक्षक म्हणतात. त्यांचा आक्षेप तर्कशुद्ध आहे.

दुसरा पक्ष हिलिंगहेडकडे बोट दाखवतो. त्याचे प्रेम एका पुरुषावर आहे आणि १८८५च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये असे संबंध हा गुन्हा होता. भयापोटी तो मान तुकवतो. पुढे तोच मॅनिक्सच्या मनात संशयाचे बीज पेरतो. त्या संशयातून उमटलेला ध्वनिमुद्रित निरोप अखेर कोवळ्या एलायसपर्यंत पोहोचतो आणि त्याचा हात आवरतो. वर्तुळ यंत्राने नव्हे, माणसाच्या पालटलेल्या मनाने तुटले, असे हे प्रेक्षक मानतात. मला हे वाचन अधिक पटते, तरी पहिल्या आक्षेपाचे पूर्ण उत्तर त्यात मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

शेवटच्या दृश्यात हसन टॅक्सीत बसते. चालक मेपलवुड असते आणि ती हसनला नावाने ओळखते. बाहेर एका इमारतीवर मॅनिक्सच्या घोषवाक्याची आद्याक्षरे उजळतात. हा धोका टळला नसल्याचा इशारा आहे, की पुढील भागासाठी ठेवलेली केवळ फट? तुमचे उत्तर चार-पाच वाक्यांत लिहा आणि दृश्यातील कोणत्या गोष्टीवरून ते काढले, तेही सांगा.