रोप लावणे आणि झाड जगवणे

मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे जे काही पक्षी, माणूस वा जनावर खाईल, तो त्याच्यासाठी सदका ठरतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. येथे केवळ खड्डा खणण्याचा उल्लेख नाही. कोणाच्या तरी मुखी पडणाऱ्या घासाचा आहे. म्हणून झाड जगले पाहिजे.

भिवंडी तालुक्यात पाऊस चार महिने मुसळधार कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमीन जवळजवळ कोरडी राहते. मुरमाड माळावर शोभेची नाजूक रोपे उन्हाळ्यात करपतात. तेथे याच मातीतील खैर, ऐन, पळस, मोह, करंज, बेहडा, आवळा यांची मिश्र लागवड करावी. ऐन व पळस पाने गाळून पाणी राखतात; मोह व आवळा अन्न देतात. जाती अनेक असल्या, की एका किडीने सारी राई जात नाही.

दिवंगत आईवडिलांच्या नावे पन्नास रोपे लावून विसरण्यापेक्षा पाचच लावा. पहिले तीन उन्हाळे आळे, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि काटेरी कुंपण सांभाळा. मशीद जवळ असल्यास वुजूचे पाणी तिकडे वळवा. नियत अल्लाह जाणतो; परंतु हाती घेतलेले रोप ही अमानत आहे.