पहिलं पाऊल टेकण्याआधी

पोरी, वॉर्डात दिवसभर उभी असतेस आणि सकाळी उठलं की टाचेत कळ येते म्हणतेस, तर एवढं ऐक: झोपेतून उठून तसाच पाय जमिनीवर टेकायचा नाही.

तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. रात्रभर तो आखडलेला राहतो आणि पहिल्या पावलाला त्याच्यावर एकदम सगळा भार पडतो. चार पावलं चाललं की तो सैलावतो, म्हणून दुखणं गेल्यासारखं वाटतं. संध्याकाळी पुन्हा ठणका सुरू.

तेव्हा पलंगाच्या काठावर बसूनच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घे. बोटं हातात धरून नडगीकडे ओढ. दुसऱ्या हातानं तळवा चाचपून बघ, आतला पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. लागला नाही तर ओढ कमी पडतेय. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, पुन्हा ओढायचं. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा कर, पण सकाळचं चुकवू नकोस. मग पलंगाशी ठेवलेली चप्पल घालूनच उठायचं. घरात टाइल्सवर अनवाणी उभं राहून स्वयंपाक करणं सध्या बंद. झिजलेली सपाट स्लीपरही नको. टाचेला मऊ आणि मधल्या कमानीला आधार देणारी घे.

पोटरी आखडली की तिचा ताण टाचेवर येतो. भिंतीला हात टेकून, मागची टाच न उचलता अर्धा मिनिट पोटरी ताण. थोडा आराम पडला की पायरीवर उभी राहा, बोटांखाली गुंडाळलेला नॅपकिन ठेव, कठडा धर. तीन मोजत टाच वर, दोन मोजेपर्यंत थांब, तीन मोजत खाली. बारा वेळा, एक दिवसाआड. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण पायात ताकद त्यानंच येते.

ड्यूटीवरून आलीस की फ्रीजरमधली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरव.

बिब्ब्याचा चटका देऊ म्हणणारे भेटतील. मुळीच देऊ द्यायचा नाही, कातडी भाजून फोड येतात. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकणंही कुणाला सुचवू नकोस. मधुमेहानं पाय बधिर असला तर भाजलेलं कळतसुद्धा नाही.

एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं तर घाबरू नकोस. तसं हाड टाच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांतही दिसतं. इंजेक्शनाची घाई नको. त्यानं मिळणारा आराम काही आठवड्यांचा आणि क्वचित तळव्यातला तो पट्टाच तुटतो. बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही. आठवड्यात फरक नाही म्हणून व्यायाम सोडू नकोस.

मात्र टाच सुजली, मुंग्या येऊ लागल्या, ताप आला किंवा पडल्या पडल्याही रात्री ठणकू लागली, तर हे सगळं बाजूला ठेव आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखव. दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही धरत असेल, तर तेही त्यांना आठवणीनं सांग.