मोडलेली वीणा

हिंजवडी म्हटले की आता लोकांना उंच उंच कचेऱ्या आठवतात. पण गावात अजून भजन चालते. चैत्रात म्हातोबाची यात्रा भरते. हरिनाम सप्ताहही होतो. सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

सप्ताहाला महिना उरला होता. आमच्या भजनी मंडळाची वीणा खुंटीवरून पडली. भोपळ्याला तडा गेला. भोपळा व दांडी यांचा सांधा उघडला. तारा पिळायच्या दोन खुंट्या तुटल्या.

आम्ही सारे देवळात जमलो. एक जण म्हणाला, "टाकून द्या. वर्गणी काढू, नवी आणू." दुसऱ्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "अण्णांनी जन्मभर वाजवली ही. कितीही पैसे लागू देत, नीट करू." दोघांत वाद वाढला. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "अरे बाबांनो, आधी बघा तरी! काय मोडलंय अन् काय शाबूत आहे?"

आजींचे म्हणणे पटले. आम्ही प्रथम सर्व तारा सैल केल्या. ताणलेली तार मोडक्या सांध्याला ओढत राहते. त्याने तडा वाढतो. एक जण सांध्यात चिकट भरायला निघाला. त्याला आम्ही थांबवले. वेडावाकडा चिकटलेला सांधा कारागिराला पुन्हा उकलावा लागतो.

मग वही घेतली. एकेक भाग पाहून लिहिला.

खुंटी, घोडी, तार हे लहान भाग. ते नवे बसवता येतात. भोपळ्याचा तडा सांधता येतो. चुरा झाला असेल, तर भोपळाच बदलावा लागतो. दांडीची गोष्ट मात्र वेगळी. सगळ्या तारांचा ताण दांडीवर असतो. ती वाकली किंवा चिरली, तर सूर टिकत नाही. सुतार फळी पाहतो, तशी आम्ही दांडी डोळ्यासमोर धरून पाहिली. ती सरळ होती. लाकडाला बारीक भोके नव्हती, भुसा पडत नव्हता. म्हणजे कीड नव्हती. गिटारीचेही असेच आहे. तिची दांडी फार वाकली असेल, तर दुरुस्तीचे काम अवघड होऊ शकते.

दोघे जण वीणा घेऊन मिरजेला गेले. मिरज हे तंतुवाद्यांचे जुने गाव. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. अशा शिकलगार घरातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे ही वाद्ये घडवायला सुरुवात केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या गावची खास वस्तू अशी त्यांची सरकारी नोंद झाली.

कारागिराने वीणा पाहिली. तो म्हणाला, "दांडी चांगली आहे. काम होईल." आम्ही खर्च कागदावर लिहून मागितला. बरोबर आमचे पखवाजवाले काका होते. गेल्या वर्षापर्यंत ते अंगठा उठवत. त्यांनी तो कागद स्वतः वाचला, मगच सही केली. नव्या वीणेच्या निम्म्याहून कमी खर्च आला.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी वीणा घरी आली. आवाज थोडा बदलला आहे. पण सूर लागतो.

मोडकी वस्तू टाकण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या. ताण सोसणारा मुख्य भाग शाबूत आहे का? दुरुस्तीला किती पैसे लागतील, नवीला किती? आणि ती वस्तू पुन्हा कामाला येणार आहे का? नुसत्या रागाने टाकू नये. नुसत्या मायेने पैसाही घालू नये.

प्रश्न
१. तारा आधी सैल का केल्या?
२. दांडी वाकली असती, तर मंडळाने काय करायला हवे होते?
३. समजा, नवी वस्तू ८,००० रुपयांना मिळते व दुरुस्तीला ३,५०० रुपये लागतात. किती रुपये वाचतील?
४. तुमच्या घरातील एक मोडकी वस्तू पाहा. काय मोडले व काय शाबूत आहे, ते वहीत लिहा.