खेळाचा, गाण्याचा आणि चित्रकलेचा तास



“परीक्षा जवळ आली, मग शाळेत खेळ, गाणे, चित्रकला यांची सक्ती कशाला?” असे आपल्यातले पुष्कळ आजी-आजोबा विचारतात. नर्स म्हणून माझे उत्तर असे, की सक्ती हवीच.

आधी नियम पाहू. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षण 5 ते 16 वयापर्यंत सक्तीचे आहे. संगीत आणि चित्रकला मात्र 14 पर्यंतच. पुढे जी.सी.एस.ई.चे विषय निवडताना मुले ते सोडू शकतात.

हाडे : हाडांची ताकद लहानपणी आणि तरुणपणी साठते. तिशीनंतर ती हळूहळू उतरते. धावण्याने, उड्या मारण्याने हाडे भक्कम होतात. खुब्याचे हाड मोडून वॉर्डात आलेली वयस्क माणसे मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. त्यापासून बचावाची सुरुवात शाळेच्या मैदानावर होते. 5 ते 18 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, अशी येथील मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांची शिफारस आहे. शाळेचा तास एवढ्याला पुरत नाही. पण घरी फोन घेऊन बसणाऱ्या मुलाची तेवढी तरी हालचाल होते.

मन : गाताना श्वास खोल घेऊन सावकाश सोडावा लागतो. चौघांबरोबर गाणारे मूल एकटे पडत नाही. जे बोलता येत नाही, ते काही मुले चित्रात दाखवतात. स्मृतिभ्रंश झालेली माणसे नातवाचे नाव विसरतात, पण लहानपणी पाठ झालेले गाणे पुष्कळदा म्हणतात. आपल्या कीर्तनांतली पदे आठवून पाहा.

मग सक्ती का? पियानोच्या शिकवणीची फी ज्यांना परवडते, त्यांची मुले शिकतीलच. ज्यांना परवडत नाही, त्यांना शाळेचाच आधार. आपल्या मराठी शाळांत कवायत आणि लेझीम सगळी मुले एका रांगेत करत.

मात्र सक्ती म्हणजे शर्यत नव्हे. लाजऱ्या किंवा अपंग मुलाला झेपेल असाच खेळ द्यावा. दमा असलेल्या मुलालाही खेळू द्यावे. निळा इनहेलर जवळ असावा आणि शिक्षकांना कल्पना द्यावी.

आपण काय करावे?
1. नातवंडांना मार्कांबरोबर “आज काय खेळलास? काय गायलीस?” हेही विचारा.
2. विषय निवडताना त्यांना संगीत किंवा चित्रकला आवडत असेल, तर आई-वडिलांजवळ त्यांची बाजू घ्या.
3. स्वतःही चाला. 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला 150 मिनिटे हालचाल आणि दोन दिवस ताकद व तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत. हृदयविकार असेल किंवा तोल जात असेल, तर आधी जी.पी.ना विचारा.