कानाला सारखे, कागदावर निराळे : इंग्रजी लेखनातील काही फसवे शब्द

मराठी लिहिताना आपला कान सहसा दगा देत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची गफलत होते, पण जे ऐकले तेच बव्हंशी कागदावर उतरते. इंग्रजीचे तसे नाही. कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. छपाईबरोबर शब्दांची लिखित रूपे हळूहळू स्थिरावत गेली. उच्चार मात्र पुढेही बदलत राहिले. त्यामुळे त्या भाषेत कानावर विसंबून लिहिणारा फसतो. आमच्या वसतिगृहातील बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजी अर्ज तपासून देणारे कोणी नसते. अर्ज शिष्यवृत्तीचा असो वा नोकरीचा, तो वाचला जातो तेव्हा लिहिणारा समोर नसतो. आपल्याला काय म्हणायचे होते, हे सांगण्याची संधी त्याला मिळत नाही. म्हणून काही शब्दांचा विचार येथे करीत आहोत.

अर्जाच्या पहिल्याच ओळीतला शब्द घेऊ. ‘प्रिन्सिपल’ दोन आहेत. ‘पी-ए-एल’ने संपणारा म्हणजे प्राचार्य, मुख्य, किंवा कर्जाची मुद्दल; ‘पी-एल-ई’ने संपणारा म्हणजे तत्त्व. दुसरा शब्द केवळ नाम आहे, त्याने माणसाचा निर्देश कधीच होत नाही. मायन्यात तो लिहिला की अर्ज प्राचार्यांना न जाता एखाद्या तत्त्वाला जातो.

‘स्टेशनरी’ची कथा अधिक मनोरंजक आहे. मध्ययुगीन युरोपात गावोगाव हिंडून माल विकणारे फेरीवाले पुष्कळ होते. विद्यापीठांच्या परिसरात ग्रंथ विकणारे मात्र एका जागी ठाण मांडून बसत, म्हणून त्यांना ‘स्टेशनर’ हे नाव पडले आणि त्यांच्याकडील कागद-लेखण्यांना ‘स्टेशनरी’. म्हणजे ‘स्थिर’ या अर्थाचा शब्द आणि वह्या-पेनांचा शब्द हे एकाच कुळातले. आज पहिल्याच्या शेवटी ‘ए-आर-वाय’ येते, दुसऱ्याच्या शेवटी ‘ई-आर-वाय’. ‘पेपर’ व ‘लेटर’ या दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘ई-आर’ आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

‘इट्स’मधील वरच्या स्वल्पविरामाने भल्याभल्यांना चकवले आहे. कारण उघड आहे : नामाला तो चिन्ह लावून षष्ठी होते, मग सर्वनामाला का नको? परंतु ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’ यांना तरी तो कोठे लागतो? ‘त्याचे’ या अर्थी ‘इट्स’ चिन्हावाचून लिहावे. त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असे पूर्ण वाचून अर्थ लागत असेल, तरच चिन्ह द्यावे.

काही घोटाळे मात्र आपल्या बोलीतून इंग्रजीत शिरतात. सैल सदऱ्याला आपण ‘लूज’ म्हणतो. या अर्थी इंग्रजी शब्दात दोन ‘ओ’ असून त्याचा उच्चार ‘लूस’ असा, तोंडातून हवा सोडल्यासारखा आहे. आपण म्हणतो तो ‘लूज’ म्हणजे गमावणे, आणि त्यात ‘ओ’ एकच. ‘आय विल लूज माय सीट’ या वाक्यात दोन ‘ओ’ पडले की जागा गमावण्याऐवजी सैल होते. ‘उसने’ हा आपला शब्द घेण्यालाही चालतो आणि देण्यालाही. इंग्रजीत उसने घेणे म्हणजे ‘बॉरो’ आणि उसने देणे म्हणजे ‘लेंड’. मित्राचे पेन हवे असताना ‘बॉरो मी युवर पेन’ म्हणू नये.

उलट काही ठिकाणी मराठीच वाट दाखवते. ‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकणे’ यांत आपण कधी चुकत नाही. तोच भेद ‘हिअर’ आणि ‘लिसन’ यांत आहे. ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ म्हणजे ‘सी’ आणि ‘लुक’. हा मेळ पूर्ण नाही, कारण चित्रपट ‘पाहण्या’लाही इंग्रजीत ‘सी’ चालते. तरी सुरुवातीला तो उपयोगी पडतो.

‘अ‍ॅडव्हाइस’ नाम, ‘अ‍ॅडव्हाइज’ क्रियापद. पहिल्यात ‘सी’, दुसऱ्यात ‘एस’. ‘प्रॅक्टिस’ व ‘लायसन्स’ यांनाही ब्रिटिश लेखनात हाच नियम आहे. तेथे उच्चार एकच असल्याने कानाची मदत होत नाही, पण ‘अ‍ॅडव्हाइस’ आठवून निर्णय करता येतो. अमेरिकन लेखनात ‘प्रॅक्टिस’ नेहमी ‘सी’ने आणि ‘लायसन्स’ नेहमी ‘एस’ने लिहितात, म्हणून त्यांच्या पुस्तकात वेगळे दिसले तर ती छपाईची चूक समजू नये.

‘अ‍ॅफेक्ट’ हे बहुधा क्रियापद, परिणाम करणे. ‘इफेक्ट’ हे बहुधा नाम, परिणाम. ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणून आला, तर त्याचा अर्थ घडवून आणणे असा होतो.

शेवटी, परदेशी अर्ज करणाऱ्यांसाठी एक शब्दप्रयोग. आपल्याकडे शिक्षण पूर्ण केलेला ‘पास आउट’ झालेला असतो. ब्रिटन-अमेरिकेत सर्वसामान्य वाचक ‘पास्ड आउट’चा अर्थ बेशुद्ध पडला असा घेतो. तेथे पदवी मिळवल्यास ‘ग्रॅज्युएटेड’ आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यास ‘पास्ड द एक्झामिनेशन’ असे लिहावे.