पंधरा दिवसांत दहा किलो?

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात भोजनाच्या वेळी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच भोजनालयात चौथी भाकरी मागून घेतली, तेच विद्यार्थी आता भाताला हात लावीत नव्हते. विचारले की उत्तर एकच, "सर, सध्या डाएट चालू आहे." कोणी केवळ फळांवर होते, कोणी कोबीच्या सूपवर, तर कोणी पाकिटातील भुकटी पाण्यात कालवून पिणारे. प्रत्येकाच्या मोबाइलवर एक तक्ता होता आणि बहुतेक तक्त्यांवर आश्वासन होते : पंधरा दिवसांत दहा किलो वजन घटेल. ज्यांना आम्ही या विद्यालयात विज्ञान शिकविले, त्यांच्यापुढे हे आश्वासन साध्या अंकगणिताने तपासून मांडावे, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

शरीरातील एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी ऊर्जा साठलेली असते. दहा किलो चरबी म्हणजे 77,000 कॅलरी. ती पंधरा दिवसांत खर्ची पाडावयाची, तर दररोज पाच हजारांहून अधिक कॅलरींची तूट पडली पाहिजे. कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाचा दिवसभराचा एकूण खर्चच साधारणतः दोन हजारांच्या आसपास असतो. म्हणजे त्याने पंधरा दिवस अन्नाचा कणही घेतला नाही, तरी चरबीच्या हिशेबाने चार किलोही भरत नाहीत. मग तक्त्यावरचे उरलेले सहा किलो आले कोठून?

याचे उत्तर बरेचसे पाण्यात आहे. आपले यकृत व स्नायू मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवून ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-भाकरी एकदम बंद केली की हा साठा प्रथम संपतो आणि त्याच्यासोबतचे पाणीही शरीराबाहेर जाते. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो, तो प्रामुख्याने या कारणाने. घरात आनंद होतो, छायाचित्रे पाठविली जातात. पुढे एखाद्या लग्नात दोन दिवस नेहमीसारखे जेवण झाले की तेच पाणी परत येते. काटा खोटे बोलत नाही. मात्र तो पाणी, स्नायू आणि चरबी यांत भेदही करीत नाही.

उपासमारीला शरीर कसे तोंड देते, याचा सर्वांत सखोल अभ्यास 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी केला. 36 निरोगी तरुणांना चोवीस आठवडे नेहमीच्या जवळपास निम्म्या आहारावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. परंतु त्याचबरोबर विश्रांत अवस्थेतील ऊर्जेचा खर्चही सुमारे 40 टक्क्यांनी उतरला. ते थंडीने कुडकुडत, चिडचिडे होत आणि त्यांच्या मनात दिवसरात्र अन्नाखेरीज दुसरा विषय नसे. प्रयोग संपल्यावर त्यांनी इतके खाल्ले की अनेकांच्या अंगावर पूर्वीपेक्षा अधिक चरबी चढली. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या आईवडिलांनी 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांना या वर्णनात काही अपरिचित वाटणार नाही. शरीराच्या दृष्टीने दुष्काळ आणि डाएट यांत फरक नसतो. अन्न कमी आले की ते खर्च आवरते आणि भूक वाढविते. आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ज्या उपासमारीतून सुटका करून घेतली, तीच आता पैसे मोजून विकत घेतली जावी, याचे आम्हास वाईट वाटते.

याच अभ्यासाला पुष्टी देणारी माहिती 2016 साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील चौदा स्पर्धकांनी सरासरी 58 किलो घटविले होते. सहा वर्षांनंतर त्यांतील सरासरी 41 किलो परत आले होते आणि विश्रांत अवस्थेतील त्यांचा दैनिक खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे 500 कॅलरींनी कमीच राहिला होता.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सावकाश घटविलेले वजन टिकते आणि झपाट्याने घटविलेले टिकत नाही, असे सर्रास म्हटले जाते. ऑस्ट्रेलियात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बारा आठवड्यांत आणि छत्तीस आठवड्यांत वजन घटविणाऱ्या दोन्ही गटांचे घटलेले वजन जवळपास तीन वर्षांत सारख्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे 71 टक्के, परत आले. ब्रिटनमध्ये तर दिवसाला साडेआठशेच्या आत कॅलरींचा आहार तीन ते पाच महिने देऊन जवळपास निम्म्या रुग्णांचा मधुमेह वर्षअखेरीस औषधांवाचून आटोक्यात राहिल्याचे आढळले. पण ते सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे बदलून आणि पुढे महिनोन्‌महिने पाठपुरावा करून. मोबाइलवरच्या तक्त्याला हा पाठपुरावा नसतो. मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन चालू असताना कोणाच्या सांगण्यावरून जेवण तोडणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. झपाट्याने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होतात. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, हे आमच्या एका माजी विद्यार्थिनीने विवाहानंतर आम्हाला डोळ्यांत पाणी आणून सांगितले. विवाहापूर्वी तिने भुकटीच्या पाकिटांवर सहा किलो घटविले होते. ते सातव्या महिन्यात परत आले. केसांना मात्र वर्ष लागले.

संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात या विषयाला अगदी जवळची एक कथा आहे. राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन, धापा टाकीत भगवंतांजवळ आला. भगवंतांनी भोजनातील मात्रा जाणण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करून आपल्या प्रत्येक भोजनाच्या वेळी म्हणावयास सांगितले आणि त्यासाठी रोज शंभर कहापण देण्याचे ठरविले. पुढे राजा एका नाळीभर भातावर स्थिरावला व त्याचे अंग हलके झाले. मूळ पालीत येथे 'अनुपुब्बेन', म्हणजे क्रमाक्रमाने, असा शब्द आहे. राजाला कोणता पदार्थ वर्ज्य करावयास सांगितले नव्हते. रोज, प्रत्येक जेवणाच्या वेळी, आठवण करून देणारा एक माणूस तेवढा होता. उपोसथाला अष्टशील घेणाऱ्या काही उपासिका विकाल भोजनाच्या विरतीकडे अलीकडे वजन घटविण्याची युक्ती म्हणून पाहतात. त्यांनी ही कथा मुळातून वाचावी.

वास्तविक अपेक्षा कोणती ठेवावी? अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधाच्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ध्येय होते वजनाच्या केवळ सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे. एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण तीन वर्षांत 58 टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे साडेपाच किलो होतात, सहा महिन्यांत. आपल्या लोकांना तर काट्यापेक्षा मोजपट्टी अधिक उपयोगी आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय शरीर दिसावयास कृश असले तरी त्यात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. पुरुषांची कंबर 90 व स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत असावी.

हे सारे आम्ही प्रौढांसाठी लिहिले. परंतु लेखणी हाती घेण्याचे खरे कारण वसतिगृहातील नववीची एक मुलगी आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आईचा तक्ता भिंतीवर पाहून आल्यापासून ती आपली भाकरी मैत्रिणीच्या ताटात सरकवीत होती. दोन महिन्यांनी प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली, तेव्हा अधीक्षिकाबाईंना हे समजले. तिचे वजन वयाच्या मानाने मुळातच कमी होते. आता ती बाईंच्या शेजारी जेवावयास बसते. तिच्या आईनेही भिंतीवरचा तो कागद काढला असल्याचे मागच्या पालकसभेत आम्हाला सांगितले.