बाळाच्या अंगातली चरबी : वारसा किती, ताट किती?

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावच्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो, तेव्हा दोन वाक्ये हमखास कानावर येतात. एक, "आमच्या घराण्यातच जाडी आहे, पोरगं तसंच होणार." दुसरे, "आमचं लेकरू तर काडी आहे, त्याच्या अंगात चरबी कुठून येणार?" दोन्ही वाक्ये अर्धीच खरी आहेत. या वेळी त्यांचा नीट विचार करू.

जनुके काय करतात?

मुलाला निम्मी जनुके आईकडून आणि निम्मी वडिलांकडून मिळतात. अंगात चरबी साठवण्याचा कलही त्यांतून येतो. पण चरबीचे असे एकच जनुक नसते. शेकडो जनुके थोडा थोडा हातभार लावतात. त्यांतले एक प्रसिद्ध जनुक म्हणजे 2007 साली उजेडात आलेले 'एफटीओ'. त्याचा विशिष्ट प्रकार आईवडील दोघांकडूनही मिळालेल्या प्रौढांचे वजन, तो अजिबात न मिळालेल्यांपेक्षा सरासरी सुमारे 3 किलो जास्त भरले, असे युरोपातल्या अभ्यासात दिसले.

हे जनुक मुख्यतः भुकेवर काम करते. अशा मुलाला पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, आणि भरपूर तेल-साखरेच्या पदार्थांकडे त्याची ओढ जास्त असते. म्हणजे जनुक हात पुढे करायला लावते, पण हाताला काय लागेल हे घर ठरवते. डब्यात भाकरी आणि उसळ आहे की पाच रुपयांचे पाकीट, यावर बरेच अवलंबून आहे. शिवाय अंगमेहनत, व्यायाम करणाऱ्या प्रौढांमध्ये या जनुकाचा परिणाम सुमारे पावपटीने कमी झालेला आढळला आहे.

आणखी एक गोष्ट. आईवडील जाड आणि मूलही जाड असेल, तर तो रक्ताचाच वारसा असतो असे नाही. एकाच चुलीचे, एकाच सवयीचे जेवण हाही वारसाच आहे.

बारीक बाळातही चरबी

दुसऱ्या वाक्याचे उत्तर आपल्या पुणे जिल्ह्यातच मिळाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची होती, तर इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळे लहान होतीच, पण सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू बरेच कमी होते, मात्र खांद्याखालची चरबी जवळजवळ टिकून होती. दिसायला बारीक, आत चरबी जास्त. अशा शरीरात पुढे मधुमेहाचा धोका लवकर येतो.

मोठ्यांमध्येही हेच दिसते. डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच मोजमाप 2004 साली छापले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा सारखाच होता, 22.3. चरबी मात्र डॉ. युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के.

पोटात असतानाचे ताट

यात जनुकांचा वाटा आहे, तसाच आईच्या ताटाचाही आहे. त्या सहा गावांत ज्या गरोदर बाया पालेभाजी, फळे आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. सुमारे दोन तृतीयांश बायांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होते. ज्या आयांच्या रक्तात बी-12 सर्वांत कमी आणि फोलेट सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनचे काम सर्वांत जास्त अडखळत होते. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. म्हणून सरकारी दवाखान्यातल्या लोह-फोलिकच्या गोळ्या बंद करायच्या का? मुळीच नाही. त्या रक्तक्षय आणि बाळाचे जन्मदोष टाळतात. त्यांच्या जोडीला बी-12 असलेले अन्न हवे, एवढाच याचा अर्थ.

बी-12 मिळते ते अंडी, मासे, मटण, काळीज, दूध आणि दह्यातून. सुकट, बोंबील, ओढ्यातले खेकडे या ज्या खाण्यावरून आपल्या लोकांना नावे ठेवली गेली, त्यातच ते आहे. लाजू नका. आणि घरात सून गरोदर असेल, तर तिचे ताट शेवटी नव्हे, आधी वाढा.

घरात काय करायचे?

• पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. नंतर वरचे अन्न सुरू करा, आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूधही चालू ठेवा.

• बाळ बारीक आहे म्हणून चहा-बिस्किट, साखरपाणी भरवू नका. त्याने चरबी वाढते, स्नायू नाही. मऊ इंद्रायणी भातात घट्ट डाळ कालवा, त्यात अंडे किंवा शेंगदाण्याचा कूट घाला. नाचणीची खीर, दही द्या. पावसाळ्यात टाकळा, कुर्डूची भाजी नीट शिजवून द्या.

• चिक्कीत शेंगदाणा चांगला, पण गूळ-साखरही तेवढीच. जेवणानंतर लहान तुकडा पुरे, दिवसभर हातात नको. लहान बाळाला तर देऊच नका, घशात अडकते.

• गुटगुटीत मुलाला उपाशी ठेवू नका. जेवण तेच ठेवा. पाकिटे आणि थंड पेये मात्र घरात आणू नका.

• तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून तीन तास हिंडले-खेळले पाहिजे. मोबाईल एक तासापेक्षा जास्त नको, दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात नको.

• अंगणवाडीत नुसते वजन नको, उंचीही मोजून घ्या. उंचीच्या मानाने वजन कसे आहे ते ताईंना विचारा, तो तुमचा हक्क आहे. घरात कुणाला मधुमेह असेल, तर तेही सांगा.

जन्मावरून माणसाचे सगळे ठरते, हे आपण समाजात कधी मान्य केले नाही. शरीराच्या बाबतीतही जनुके म्हणजे नशीब नव्हे. ती बदलता येत नाहीत, पण बाळाच्या ताटात काय पडते ते बदलता येते. मात्र त्यासाठी डाळ आणि अंडी परवडली पाहिजेत. त्यामुळे अंगणवाडीचा आहार वेळेवर, पूर्ण आणि चांगला मिळतो की नाही, हे वस्तीने मिळून पाहायला हवे. पुढच्या महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.